उतारवयाचा पवित्रा

तालीम म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तरुण मुलगा उभा राहतो. तांबड्या मातीने अंग माखलेले, दंडावर बेटकुळी, मानेवर घामाच्या धारा. म्हातारा माणूस तेथे दिसतो तो वस्ताद म्हणून, आणि तोही बहुधा बाजूला उभा. पण त्या वस्तादाने हातात लाठी घेऊन चार पावले टाकून दाखविली की पाहणाऱ्याच्या एक गोष्ट ध्यानात येते. त्याच्या दंडांतले बळ ओसरलेले असते, दम पूर्वीचा राहिलेला नसतो. पाऊल मात्र जेथे पडावयाचे तेथेच पडते, आणि वळताना त्याचा तोल तसूभरही ढळत नाही. बळ गेले तरी पवित्रा राहतो.

या राहणाऱ्या गोष्टीविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, मर्दानी विद्येत दोन भाग असतात. एक, दुसऱ्याला पाडण्याचा. आणि दुसरा, आपण न पडण्याचा. पहिला भाग तरुणपणाचा. दुसऱ्याची खरी गरज साठीनंतर लागते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण तालमीकडे पाठ फिरवून बसलेले असतो. हा दुसरा भाग म्हातारपणी शिकता येतो, तो उघड्या हवेत, चारचौघांच्या संगतीत शिकावा, आणि त्यासाठी जळगाव-धुळ्याच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही, एवढे आपल्या मनात उतरले तर या लेखाचे काम झाले.

प्रथम पडण्याचाच विचार करू. आपल्याकडे म्हातारे माणूस पडले की आपण त्याला दैवाची गोष्ट समजतो. न्हाणीघरात पाय सटकला, उंबरठ्याला ठेच लागली, पहाटे अंधारात उठताना घेरी आली, असे सांगितले जाते आणि विषय संपतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून झालेल्या इजेने दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक आहे, आणि त्यात साठीपुढील माणसांचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. जे जगतात त्यांच्यापैकी अनेकांचे खुब्याचे हाड मोडते, आणि खुबा मोडलेले माणूस पूर्वीसारखे हिंडूफिरू लागेलच असे नाही.

हाडापेक्षाही वाईट मोडते ती उमेद. एकदा पडलेले माणूस पुन्हा पडण्याला भिते. भिते म्हणून बाहेर जात नाही. आधी बाजार सुटतो, मग देऊळ सुटते, मग समोरच्या ओट्यावरची बैठक सुटते. घरातली माणसेही मायेने सांगतात, ‘आजोबा, तुम्ही बसा, आम्ही आणतो.’ बसून राहिल्याने मांड्यांतले बळ जाते. बळ गेल्याने तोल जातो. तोल गेल्याने पुन्हा पडणे होते. हे चक्र खाटेपाशी येऊन थांबते. म्हातारपण माणसाला खाटेवर नेते असे आपण म्हणतो. पुष्कळदा ही भीतीच त्याला तेथे नेते.

आता माणूस पडतो तरी का? आमच्या खानदेशच्या वाचकाला याचे उत्तर केळीच्या बागेत मिळेल. केळीचे झाड दिसायला भरघोस, पण त्याची मुळे उथळ. निसवलेल्या केळीवर घडाचे ओझे आले की झाडाचा भार वर जातो, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या वादळात रावेर-यावलकडच्या बागाच्या बागा आडव्या होतात. शेतकरी म्हणून त्या झाडाला बांबूचा टेकू देतो. माणसाचेही तसेच आहे. शरीराचा भार जेथे एकवटतो असे समजतात तो मध्य बेंबीच्या थोडा खाली असतो. तो मध्य पावलांनी व्यापलेल्या जागेच्या वर आहे तोवर माणूस उभा. तो जागेबाहेर गेला आणि वेळेवर सावरता आला नाही की माणूस खाली. चालताना तर आपण प्रत्येक पावलाला क्षणभर एकाच पायावर असतो.

हे सावरण्याचे काम शरीरातील तीन पहारेकरी करतात. डोळे सभोवार पाहून सांगतात. कानाच्या आतल्या भागातील तोलाचे इंद्रिय डोके कसे कलले ते सांगते. आणि तळपाय, घोटे, गुडघे यांतील संवेदना पायाखालची जमीन कशी आहे ते सांगते. मेंदू या तिघांचे ऐकून स्नायूंना हुकूम देतो. वय वाढते तसे तिघेही पहारेकरी थोडे थोडे पेंगू लागतात. मधुमेह असलेल्या माणसाच्या पावलांना तर कित्येकदा बधिरता येते. शिवाय हुकूम पाळणारे स्नायूही घटतात. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंची शेकडा ३ ते ८ इतकी घट होते आणि साठीनंतर ती वेगाने होते, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. निरोप उशिरा येणे आणि शिपाई कमी पडणे, अशी ही दुहेरी अडचण आहे.

मग यावर उपाय चालतो काय? चालतो, आणि फार उशिरापर्यंत चालतो. अमेरिकेतील बोस्टन येथे १९९० साली एका वृद्धनिवासातील नव्वदीच्या घरातल्या दहा माणसांना मांड्यांच्या बळाचा व्यायाम आठ आठवडे देण्यात आला. त्यांतील जी माणसे शेवटपर्यंत टिकली त्यांचे त्या स्नायूंचे बळ सरासरीने शेकडा १७४ ने वाढले. स्नायूला वयाचा दाखला वाचता येत नाही. काम दिले की तो वाढतो.

परंतु नुसते बळ पुरत नाही, तोलही शिकवावा लागतो, आणि येथे आम्ही चीनकडे वळतो. तेथील शहरांत पहाटे बागांतून वृद्ध स्त्रीपुरुष संथपणे हातपाय हलविताना दिसतात. त्या प्रकाराला ताई ची म्हणतात. पाहणाऱ्याला ते नृत्य वाटते. पण त्याचे पूर्ण नाव ताई ची च्वान, आणि च्वान म्हणजे मूठ. ही मूळची लढण्याची विद्या. हनान प्रांतात चेन घराण्याचे एक गाव आहे. तेथे सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ती आकारास आली असे मानतात. पुढे यांग घराण्याने ती उचलली, आणि त्या घराण्यातील यांग चंगफू (१८८३–१९३६) यांनी तिच्या उड्या व झटके कमी करून तिला सर्वांना झेपेल असे संथ रूप दिले. १९५६ साली चीन सरकारच्या क्रीडा खात्याने तिचा २४ हालचालींचा सोपा क्रम बसविला, आणि तो घरोघर गेला. २०२० साली युनेस्कोने या विद्येची मानवजातीच्या वारशात नोंद केली.

हिच्यातील मर्म काय? गुडघे किंचित वाकलेले, पाठ सरळ, आणि पाऊल उचलण्यापूर्वी सगळा भार दुसऱ्या पायावर नेलेला. पुढचे पाऊल टाच टेकवून हलकेच ठेवावयाचे. भार मागाहून, सावकाश. आपण घाईने चालतो तेव्हा तोल गेलेला आपल्याला कळतही नाही, वेग तो झाकून नेतो. संथपणात झाकायला जागा नाही. प्रत्येक क्षणी तीनही पहारेकऱ्यांना जागे राहावे लागते, हाच तिचा गुण.

हा गुण मोजूनही पाहिलेला आहे. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात पडण्याचा धोका असलेल्या सत्तरीपुढील ६७० माणसांवर एक चाचणी झाली. तिचा अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे तीन गट केले. एकाला ताई चीवर आधारलेला तोलाचा अभ्यास, दुसऱ्याला मिश्र व्यायाम, तिसऱ्याला नुसते अंग ताणण्याचे प्रकार. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, सहा महिने. ताई ची करणाऱ्या गटात पडण्याचे प्रसंग अंग ताणणाऱ्यांपेक्षा शेकडा ५८ ने आणि मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षा शेकडा ३१ ने कमी झाले. २०१९ साली अशा पुष्कळ चाचण्या एकत्र तपासण्यात आल्या, तेव्हा असे दिसले की तोल आणि रोजच्या हालचाली यांचा कोणताही नेटका व्यायाम पडण्याचे प्रसंग सुमारे एक चतुर्थांशाने कमी करतो. म्हणजे गुण चिनी नावात नाही; तो भार बदलण्याच्या अभ्यासात आहे.

येथे आपल्या घराकडे परतू. ज्या १८८३ साली यांग चंगफू जन्मले त्याच साली जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म झाला. त्यांनी १९०७ ते १९१० या काळात बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात व्यायामाचे शिक्षण घेतले. लाठी, लेझीम, मल्लखांब या आपल्या विद्यांना शिस्त लावून त्या सांघिक रीतीने शिकविण्याचे मोठे काम माणिकरावांनी केले. गुणे पुढे आमच्या खानदेशात आले. १९१६ ते १९२३ या काळात त्यांनी अमळनेर येथे शिक्षणाचे काम केले, आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही काही काळ सांभाळले. योगक्रियांनी शरीरात नेमके काय घडते हे क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासून पाहण्याचे त्यांचे पहिले प्रयोग याच काळातले, बडोद्यातले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले. स्वामी कुवलयानंद म्हणून सर्व देश ज्यांना ओळखतो ते हेच. १९६६ साली ते निवर्तले. तालमीतून निघालेला माणूस योगापर्यंत गेला, आणि परंपरेने आलेली गोष्टही तपासून घेऊ लागला, तो ज्या वर्षांत, ती वर्षे बोरीकाठची आहेत. याचा आपल्याला अभिमान असावा; पण त्याहून अधिक, त्याचा उपयोग असावा.

आमच्या मते तो उपयोग असा. आपली लाठी, आपला पट्टा, आपली फरीगदगा यांच्या मुळाशी पवित्रे आहेत. वस्ताद पहिल्या दिवशी वार शिकवीत नाही, पाय शिकवितो. पावलांत खांद्यांइतके अंतर, गुडघे सैल, कंबर स्थिर, नजर समोर. पाय रुंद ठेवल्याने व्यापलेली जागा वाढते आणि गुडघे वाकविल्याने भार खाली येतो; हा केळीला दिलेला टेकूच होय. मग एक पाय पुढे, भार पुढे. एक पाय मागे, भार मागे. कोनात वळणे, पुन्हा मूळ जागी येणे. हेच पवित्रे चौपट संथ केले, उड्या आणि बैठे पवित्रे वगळले, समोरचा प्रतिस्पर्धी काढून टाकला, तर ते म्हाताऱ्या माणसासाठी तोलाचे उत्तम शिक्षण होते. धुळ्यास समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जिव्हाळ्याने जपलेली आहेत. समर्थांची बलोपासना मात्र कागदावर जपून भागत नाही. ती अंगाने जपावी लागते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. जागा सपाट आणि मोकळी असावी. जळगावकरांना मेहरूण तलावाचा काठ आहे, धुळेकरांना पांझरेचा काठ आणि नकाणे तलावाचा परिसर आहे. ज्यांना तेवढे जाववत नाही त्यांना गल्लीतले देवळाचे पटांगण आहे. पायात घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे असावीत. सैल चपला नकोत. निदान तिघे-चौघे जमावेत.

पहिला प्रकार पारावरचा. पिंपळाच्या पारावर किंवा बाकावर बसावे आणि हात न टेकता उठावे. पुन्हा सावकाश बसावे. असे पाच वेळा, पुढे दहा वेळा. उतारवयातली ही बैठक होय. दुसरा, भिंतीचे जोर. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे भिंतीवर टेकावेत आणि कोपर वाकवून छाती भिंतीकडे न्यावी व परत आणावी. तिसरा, भार बदलणे. पाय खांद्यांइतके फाकवून सगळा भार आधी उजव्या पायावर, मग डाव्या पायावर न्यावा. प्रत्येक वेळी मनात दहा मोजावेत. चौथा, झाडाजवळ उभे राहून एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून, एका रेषेत, तोल धरावा. तो साधला की एका पायावर. हात झाडापासून वीतभरच दूर असावा. एका पायावर दहा सेकंद उभे राहता येणे ही चांगली खूण आहे. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वर्षांच्या १७०२ माणसांना हे करावयास सांगितले, तेव्हा पाचातील एकाला ते जमले नाही, आणि पुढील काही वर्षांत त्या न जमलेल्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. याचा अर्थ एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते असा नव्हे; पण आपला तोल कोठवर आला आहे हे त्यावरून कळते.

पाचवा प्रकार लाठीचा. छातीइतक्या उंचीची हलकी वेळूची लाठी घ्यावी. दोन माणसांत दोन लाठ्यांचे अंतर ठेवावे. पवित्र्यात उभे राहून लाठी दोन्ही हातांनी आडवी धरावी. भार पुढे नेताना ती छातीसमोर जाईल, मागे येताना पोटाशी येईल, वळताना खांद्याबरोबर वळेल, इतकेच करावे. फिरवण्याची घाई करू नये. श्वास कोंडू नये. तोंडाने मोठ्याने आकडे मोजले की तो आपोआप चालू राहतो. ही विद्या पूर्वी शिकलेला एखादा जाणता माणूस गावात शोधून पहिला महिनाभर तरी त्याच्या नजरेखाली करावे. लाठीचे आणखी दोन गुण आहेत. तोल गेला तर तीच आधार होते, आणि ती हातात असली की वाटेवरची कुत्रीही अदबीने वागतात.

हे सर्व अर्ध्या तासाचे काम. पासष्टीपुढील माणसांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि बळ यांचा व्यायाम करावा, शिवाय आठवड्याकाठी दीडशे मिनिटे तरी झपाझप चालण्यासारखे श्रम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आहे. तलावापर्यंत चालत जाणे-येणे यातच ते दुसरे कलम भागते.

घरात पंख्याखाली हे होणार नाही काय? होईल, पण खोलीतील फरशी एकसारखी असते आणि जग एकसारखे नसते. उघड्यावर जमीन थोडी उंचसखल, वारा कधी समोरून, कधी पाठीवर. पहारेकऱ्यांना खरे काम तेथेच मिळते. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडल्याने रात्रीची झोप वेळेवर येते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे माणसे भेटतात. एक दिवस चुकला तर ‘अप्पा काल का आले नाहीत?’ असे विचारणारे कोणी आहे, एवढ्यावर कित्येकांचा नेम टिकतो.

ऋतूंचे भान मात्र ठेवले पाहिजे. आपल्याकडे वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो. वाढत्या वयात तहान लागल्याचे लवकर कळत नाही आणि घामही पुरेसा सुटत नाही. म्हणून उन्हाळ्यात उजाडताच सुरुवात करून ऊन तापण्यापूर्वी घरी यावे, निघताना आणि आल्यावर पाणी प्यावे. हिवाळ्यात उलट, आपल्याकडची पहाट बोचरी असते, आणि थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावून हृदयावर ताण येतो, म्हणून कोवळे ऊन पडल्यावर निघावे. पावसाळ्यात आपली काळी माती साबणासारखी होते; तेव्हा देवळाचा सभामंडप बरा. ज्यांना हृदयविकार आहे, रक्तदाबाची औषधे चालू आहेत, घेरी येते, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, की तेथेच थांबावे. शौर्य दाखविण्याची ही जागा नव्हे.

शेवटी एक शब्द आमच्या माताभगिनींसाठी. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे पुरुषांपेक्षा वेगाने विरळ होतात. पडण्याची किंमत त्यांना अधिक मोजावी लागते. तरीही पटांगणावर दिसतात ते बहुधा पुरुष. ‘या वयात लाठी? लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न आड येतो. पण ज्या आखाजीला उंच झोके घेत होत्या, फुगड्या घालीत होत्या, त्याच या मुली आहेत. फुगडी म्हणजे तरी तोलाचाच खेळ. तेव्हा लोकांनी कौतुक केले. आता निदान वाट द्यावी. सुनांनी सासूबाईंना आणि लेकांनी आईला ‘तुम्ही बसा’ म्हणण्याऐवजी ‘चला, मी येते’, ‘चल, मी येतो’ असे म्हटले, तर औषधांच्या दुकानाचा काही खर्च वाचेल असा आमचा अंदाज आहे.

प्रत्येक पेठेत एक पटांगण, आठवड्यातून तीन सकाळी, चार म्हातारे आणि चार लाठ्या. यासाठी ना देणगी लागते, ना इमारत. तालीम तरुणांची राहोच. तिचा एक कोपरा वडीलधाऱ्यांना मिळावा, आणि तोही केवळ खुर्ची टाकून बसण्यासाठी नसावा. वाचकांनी दुसरे काही केले नाही तरी एक करावे. हे पान मिटल्यावर खुर्चीवरून उठाल, तेव्हा हात न टेकता उठून पाहावे. जमले तर उद्या सकाळी निघावे. न जमले तर उद्या सकाळी अवश्य निघावे, मात्र सोबत कोणाला तरी घेऊन.